अक्षर जुईचं नाही

३ मे, रविवार

जुई गेली! नेरुळहून सकाळी सातची बस. खिडकीतून हात हलवला — एकदाच. मग शेजारच्या मुलीशी बोलायला लागली ती लागलीच. अकरा वर्षांत पहिल्यांदा आमच्याशिवाय. दोन आठवडे!

शिबिर भोरच्या पुढे, धरणाच्या काठी. मोबाईलला बंदी. बुधवारी आणि रविवारी मुलं चिठ्ठी लिहिणार. मुलींची ताई — स्मिता, जेमतेम बावीसची असेल — चिठ्ठीचा फोटो काढून आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणार. आपण उत्तर लिहायचं, ती प्रिंट काढून मुलांच्या हातात देणार. म्हणजे आधी ती वाचणार! हे मी बोलून दाखवलं तर शिबिराचे कमळाकर सर हसले. "ताई, निश्चिंत राहा."

निश्चिंत राहा म्हणणारी माणसं मला कामावरही भेटतात. त्यांचाच माल परत पाठवावा लागतो.

५ मे, मंगळवार

ग्रुपवर एकवीस फोटो. जुई फक्त दोनांत. एकात पाठमोरी. दुसऱ्यात डोळे मिटलेले.

६ मे, बुधवार

चिठ्ठी आली. अख्खी उतरवते — वेळ लागणार नाही.

"मम्मी, मी मजेत आहे. जेवण छान आहे. काळजी करू नको. जुई."

जेवण छान? ही मुलगी घरी भेंडी बघून ताट सरकवते! अक्षर तिचंच आहे, पण वाक्यं कुणाची? फळ्यावर लिहून दिली असणार. प्रीतमला दाखवलं. तो म्हणाला, "अगं, लेक मजेत आहे म्हणते ना? मग झालं की." आणि गेला दुकानात.

मी उत्तर पाठवलं. सोबत नऊ प्रश्न. पोट साफ होतं का, तंबूत किती जणी, पाण्यात उतरवतात का, कुणी ओरडलं का, ही वाक्यं कुणी सांगितली, वगैरे. नंबर घालून लिहिले, म्हणजे एकही सुटायचा नाही.

८ मे, शुक्रवार

रबाळ्याला कंपनीत आज एक अख्खी बॅच अडवली. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख किंचित सरकलेली. लाइनवरची मुलं म्हणतात, मॅडमच्या डोळ्यांत मोजपट्टी बसवलेली आहे. असू दे. चौदा वर्षं हेच करतेय. सगळं ठीक दिसतं तेव्हाच नीट बघायचं असतं.

१० मे, रविवार

काहीतरी गडबड आहे. नक्की.

आज मोठी चिठ्ठी आली. पान भरून! "प्रिय आई," अशी सुरुवात. जुई मला जन्मात आई म्हणाली नाही. मम्मी म्हणते. पुढे — ओढ्यात पाय घसरला आणि सगळ्या हसल्या, पण मला राग आला नाही. इथे एक पक्षी शिट्टी मारल्यासारखा ओरडतो. आणि मग, "तू कामावरून आलीस की तुझे पाय दुखतात का? मी असते तर दाबून दिले असते."

ती ओळ तीनदा वाचली. खोटं कशाला लिहू. मग नीट बघितलं. 'र' वेगळा. 'ल' वेगळा. अक्षरं उजवीकडे कललेली. जुईची सरळ उभी असतात. खाली मात्र 'जुई'. माझ्या नऊ प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नाही!

अक्षर जुईचं नाही. मग कुणाचं? आणि ती स्वतः का लिहीत नाही? हात मोडलाय? ताप आहे? हे लोक लपवतायत.

सासूबाईंना सांगितलं तर त्या मासळी साफ करता करता म्हणाल्या, "पोरगी हाय ती गो, पार्सल नाय, सारखी कुठं पोचली बघाला!"

११ मे, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत स्मिताताईला फोन केला. "चिठ्ठी जुईनेच दिली हो माझ्या हातात." लिहिली कुणी? "तिनेच लिहिली असेल ना!" असेल? मग कमळाकर सर फोनवर आले. "ताई, मुलगी इतकी खूश आहे, तुम्ही बघाल तर —" मग बघू द्या! व्हिडिओ कॉल लावा! "नियम सगळ्यांना सारखा आहे ताई. एकीला लावला तर चाळीस जण मागतील."

नियम! बरं. मलाही येतं.

उत्तरात एक ओळ घातली — "मोती तुझी खूप आठवण काढतो, दारातच बसून असतो." आमच्याकडे कुत्रा नाही. कधीच नव्हता. जुईने वाचलं तर म्हणेल, मम्मी तुला वेड लागलं का! दुसरं कुणी लिहीत असेल तर कळेलच.

प्रीतमला नाही सांगितलं.

१३ मे, बुधवार

सापडले!!

"प्रिय आई, मोतीला सांग मी रविवारी येतेय. तो भाकरी खातो की दूधभात? दारात बसतो तर त्याला ऊन लागत असेल, पाणी ठेव. मी आले की त्याला माझा वास ओळखू येईल ना?"

लगेच पालकांच्या ग्रुपवर लिहून टाकलं — शिबिरातून येणाऱ्या चिठ्ठ्या खोट्या आहेत, माझ्याकडे पुरावा आहे, आपापल्या मुलांची चौकशी करा. दहा मिनिटांत साठ मेसेज! एकीला रडू फुटलं, एक वडील पोलिसांत जायचं म्हणाले. कमळाकर सरांचे चार फोन. उचलले नाहीत.

प्रीतम आधी चिडला. मग चिठ्ठी वाचली. "उद्या पहाटे निघू," म्हणाला.

१४ मे, गुरुवार

सगळं लिहायला हवं. लाज वाटते तरी.

पहाटेच निघालो. दहाला पोचलो. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि समोरच जुई! दोरीच्या शिडीवर, वरून तिसऱ्या पायरीवर. काळवंडलेली, गुडघा खरचटलेला, धडधाकट. आम्हाला बघून सरसर खाली आली. "मम्मी? काय झालं? आजी बरी आहे ना?"

मी तिचे दोन्ही हात धरले. एकेक बोट बघितलं. काही झालेलं नव्हतं. मग पर्समधून चिठ्ठीची प्रिंट काढली. "हे कुणी लिहिलं?"

ती प्रिंटकडे बघत राहिली. मग प्रीतमकडे. "श्रुतीने."

श्रुती म्हणजे बसमधली ती शेजारची मुलगी. हिच्याच तंबूत. आई दोन वर्षांपूर्वी वारली. बाबा ट्रेलर चालवतात, त्यांच्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी तिला इथे पाठवलं. पहिल्या चिठ्ठीच्या वेळेला ही पोर कोरा कागद घेऊन बसून राहिली. "तिला आईला लिहायचं होतं," जुई म्हणाली. "मी म्हटलं, माझ्या मम्मीला लिही. ती उत्तर देतेच. खाली नाव माझं टाक, म्हणजे ताईला कळणार नाही."

"आणि तू? तुला मला काहीच सांगायचं नव्हतं?"

"होतं." पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. "पण मी सांगितलं की तू प्रश्न पाठवतेस. नंबर घालून."

प्रीतमने दुसरीकडे बघितलं. मी प्रिंट घडी करून पर्समध्ये ठेवली.

स्मिताताई ऑफिसच्या दारात उभी होती, डोळे सुजलेले. माझ्या मेसेजनंतर कमळाकर सरांनी तिला सामान भरायला सांगितलं होतं. चिठ्ठ्या न बघता पाठवल्या म्हणून! मी सरांना म्हटलं, तिला काढू नका, चूक माझी आहे. ते म्हणाले, "ताई, बत्तीस पालकांचे फोन आलेत मला." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. मी तिथेच उभ्या उभ्या ग्रुपवर माफी लिहिली. तेव्हा कुठे ते म्हणाले, स्मिता राहील.

निघताना श्रुती आली. जुईपेक्षा बुटकी, तेल लावून घट्ट दोन वेण्या. मला वाटलं, सॉरी म्हणेल. म्हणाली, "काकू, मोती खरंच नाहीये?"

नाही बाळा, म्हटलं. मी खोटं लिहिलं होतं.

"का?"

अकरा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं — तुला पकडायला? डोक्यावरून हात फिरवायला गेले तर ती मागे सरकली. तंबूकडे निघून गेली.

जुईला म्हटलं, घरी येतेस का आमच्याबरोबर? नको म्हणाली. आणि मग हळूच, "रविवारी येतेच आहे ना."

१५ मे, शुक्रवार

पाच ओळींची चिठ्ठी पाठवली. श्रुतीच्या नावाने. पाय दुखतात, हो, लिहिलं. प्रश्न एकही नाही.

१६ मे, शनिवार

दुपारी अनोळखी नंबर. मागे ट्रकांचे हॉर्न. "मॅडम, मी जोतीराम. श्रुतीचा बाप. ग्रुपवरनं नंबर घेतला." वाटलं, आता बोल ऐकावे लागणार. तयार होते.

"न्हाई हो, भांडायला न्हाई फोन केला. मला बी दोन चिठ्ठ्या आल्यात. श्रुतीच्या नावानं. पर अक्षर माझ्या लेकीचं न्हवतं. पान पान भरून लिवलंय — पान्याचं भ्या वाटतंय, ताई रागावली, घरची आठवन येती. मी वळखलं लगेच."

"मग तुम्ही कुणाला विचारलं नाही?"

"कशाला? कुनाचं तरी लेकरू हाय म्हटलं, बोलावंसं वाटलं आसंल. उत्तर दिऊन टाकलं. तुमच्या जुईच्या असनार त्या. माझ्याकडं हायत. पाठवू का?"

हो ओठांवर आलं होतं.

"नको," म्हटलं. "तिने तुम्हाला लिहिल्यात."