गाईचं फाटक

वर्तकनगर, ठाणे
१२ फेब्रुवारी १९९१

चि. आनंद यास हरिहरदादाचे आशीर्वाद.

डोंबिवलीला सगळे खुशाल असाल. सरोजची कंबर कशी आहे? (शकूला कडेवर घेऊन जिने चढणं आता बंद करा म्हणावं. मला काय, लांबून सांगायला.) माझं ब्लडप्रेशर उत्तम, म्हणजे वर आहे.

शकू ठाण्याला यायचं नाव काढत नाही, असं सरोजनं लिहिलंय. का, ते मला ठाऊक आहे. दिवाळीत आमच्या बागेच्या फाटकाशी तिची चाकाची खुर्ची अडली. माणूस तिरका होऊन आत जातो नि गाय जात नाही, असं ते लोखंडी नळ्यांचं नागमोडी फाटक. तू तिला उचलून न्यायला निघालास, पण बाईसाहेब खुर्ची सोडायला तयार नाहीत. बाहेरूनच पोरांचे झोके बघत बसली. मग मला विचारलंन, "मोठे काका, असलं फाटक कशाला?" म्हटलं, गुरं शिरू नयेत म्हणून. तशी म्हणाली, "मग मी गुरांत का?" आनंदा, सात वर्षांच्या पोरीपुढे मला तोंड लपवायला जागा उरली नाही रे.

कॉलनीच्या कमिटीत विषय काढला. तीन सभा झाल्या. (दोन नुसत्या चहावर गेल्या.) शेवटी मीही इरेला पेटलो. दवाखान्यातली खुर्ची मागून आणली, रविवारी सकाळी अख्खी कमिटी फाटकाशी उभी केली आणि स्वतः खुर्चीत बसून आत घुसलो. घुसलो तो अडकलोच! पुढे जाईना, मागे येईना. अध्यक्ष म्हणतात पाय उचला, तुझी वहिनी म्हणते पोट आत घ्या. एवढ्यात बघतो तर मागच्या पडक्या भिंतीवरून आलेली गाय बागेत उभी, माझी जास्वंद खातेय, अगदी निवांत. आमच्याकडे मासळी देणारी कोपरीची जनाबाई पाटी घेऊन तिथंच थांबलेली. ती म्हणाली, "गाय आत न् मानूस भायेर! कसली ओ तुमची बाग?" वेल्डर बोलावून दोन नळ्या कापल्या, तेव्हा कुठे मी सुटलो.

त्या आता परत बसवायच्या नाहीत, असं ठरलंय. जनाबाईच्या नवऱ्यानं, गुणाजीनं, जाळ्याच्या दोरीचा पाठ टेकता येईल असा झोकाही विणून दिलाय. मी बसून पाहिलं. छान आहे.

तुझा,
दादा

ता. क. वहिनीला सांगू नकोस, पण मी अडकलो नव्हतो. खुर्चीचा ब्रेक लावून बसलो होतो.

आणखी एक. ते फाटक सत्त्याऐंशी साली सुचवलं मीच. नकाशाही माझाच. तेव्हा शकू तीन वर्षांची होती, ती चालणार नाही हे डॉक्टरांचं सांगून झालं होतं, तरी मी मापं घेतली ती गाईची. हे तिला तू सांगू नकोस, मला सांगायचंय. रविवारी तिला आणच. आधी माफी मागतो, मग झोका देतो. गाय आली तर दोघं मिळून हाकलू.