धावपट्टीचे दिवे आणि तुमच्या चिठ्ठ्या

अप्पा, तुमच्या नातवाला विमान चालवण्याचा परवाना मिळणार नाही. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीच तुम्ही गेलात. तो आता एकवीस वर्षांचा आहे, तुमच्यासारखा उंच, चालताना तुमच्यासारखाच एक खांदा पुढे काढतो. वैमानिकांच्या कॉलेजात तीन वर्षं काढून तो गेल्या आठवड्यात घरी आला आणि तेव्हापासून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला आहे. गावाबाहेरच्या हवाई तळाची विमानं आपल्या घरावरून जातात. पूर्वी आवाज आला की तो भरल्या ताटावरून उठून गच्चीवर धावायचा. आज सकाळी दोन गेली. तो हलला नाही.

तुमच्या दुकानापासून लिहिते, कारण सगळं तिथून सुरू झालं. रेशमी लुगड्यांचं दुकान, गादीवर मालक, आणि फळ्यांसमोर तुम्ही, कमरेला पांढरी वेष्टी, खिशात बोटभर पेन्सिल. गिऱ्हाइकानं ‘अरक्कू’ म्हटलं, म्हणजे लाखेसारखा गडद तांबडा, की मागे न बघता तुम्ही तेच लुगडं ओढून काढायचा. आपल्या मराठी माणसांना रायर म्हणणारे इथले तमिळ लोक बोलायचे, ह्या रायरांचे डोळे बोटांत आहेत. खरं काय ते घरात मला एकटीला ठाऊक होतं. तुम्हाला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसत नव्हतं. नवा माल आला की शाळा सुटल्यावर मी दुकानात यायची, गठ्ठ्यांच्या आड बसून एकेका लुगड्याचा रंग तुमच्या कानात सांगायची, आणि तुम्ही घडीत चिठ्ठी खोचायचा. चिठ्ठीवर एकच अक्षर: तांबड्याला ता, हिरव्याला हि. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आपल्या लोकांच्या घरांतून मराठी बोलणं राहिलं होतं, ही मराठी अक्षरं केव्हाच गेली होती. तुम्ही मला ती आजोबांच्या जुन्या पुस्तकांवरून गिरवायला लावलीत, तेव्हा नातेवाईक म्हणाले, बघा, पूर्वजांचा किती अभिमान. अभिमान नव्हता. मालकाला, हिशेबनिसाला, दुकानातल्या कुणालाच ती वाचता येत नव्हती, एवढंच त्यांचं मोल होतं.

एकदा दीपावळीच्या आधी पापनाशम गावची एक बाई मुलीच्या लग्नाचं लुगडं घ्यायला आली. चिठ्ठी कुठेतरी पडली असावी. तिनं हिरवं मागितलं, तुम्ही तांबडं उलगडलंत, आणि मी नऊ वर्षांची, मोठ्यानं बोलून गेले, “अप्पा, हे हिरवं नव्हे!” मालकानं मान वर केली. बाई हसली, “काय रायरे, पोर तुमच्यापेक्षा शहाणी!” तुम्हीही हसलात. “पोरीला आतापासून माझी जागा पाहिजे, अम्मा. उद्या मला घरी बसवून स्वयंपाक करायला लावेल.” सगळे हसले आणि वेळ निभावली. पण घरी जाताना कालव्याच्या पुलावर तुम्ही थांबलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, “डोळे तुझे, तोंड माझं. दुकानात तू तोंड उघडायचं नाही. कळलं की नाही गे?” मी म्हटलं, कळलं. त्या दिवसानंतर मी तोंड उघडलं नाही, अप्पा. इतकी वर्षं झाली, अजून उघडलेलं नाही.

दहावी पास झाले तेव्हा तुम्ही मला न विचारता, एकट्यानं निवडून, दावणीचं, म्हणजे परकरावर घ्यायच्या अर्ध्या साडीचं, कापड आणलंत. माझ्या हातात ठेवून म्हणालात, “कोवळ्या भाताचा रंग आहे, नाही?” ते वाळल्या पेंढ्याच्या रंगाचं होतं. मी म्हटलं, “अगदी तसाच, अप्पा.” तुम्ही इतके खूश झालात की मी ती दावणी विरेपर्यंत वापरली.

मी शिक्षिका झाले. बारावीला जीवशास्त्र शिकवते. रंगांधळेपणा पिढ्यांतून कसा उतरतो त्याचा तोच तक्ता मी दरवर्षी फळ्यावर काढते: वर चौकोन, तो आजोबा, काळा भरलेला. खाली वर्तुळ, ती त्याची मुलगी, अर्धं भरलेलं, तिला स्वतःला काही होत नाही. तिच्या खाली पुन्हा चौकोन, तिचा मुलगा, आणि त्याच्यात मी प्रश्नचिन्ह घालते. मुली विचारतात, “टीचर, त्या बाईला आधी कळतं का?” मी सांगते, बाप तसा असेल तर कळतं. मग खडू ठेवते आणि पुढचा धडा घेते. माझ्या मुलानं गणिताचा गट घेतला होता. हा तक्ता त्यानं कधी काढला नाही.

कॉलेजात जाण्याआधी पहिली वैद्यकीय तपासणी असते. तिच्या चार दिवस आधी, दुपारी, मी सांबारासाठी चिंच कोळत होते आणि तो मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आला. पडद्यावर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ. “अम्मा, ह्यात काय आकडा आहे? मज तर काहीच दिसत नाही.” मला दिसत होता. चुलीपासून दोन हात लांबून स्पष्ट दिसत होता. माझे हात चिंचेत तसेच राहिले. तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, “मोबाईलचा पडदा नीट नाही, कण्णा. चौऱ्याहत्तर आहे.” आणि मग, अप्पा, मी हात धुतले आणि त्याच्याजवळ बसले. डॉक्टरांकडे असतं तेच ठिपक्यांचं पुस्तक मोबाईलवर होतं: पहिल्या पानावर बारा, तिसऱ्यावर उजव्या कोपऱ्यात गडद ठिपका, तिथे एकोणतीस. दोन दुपारी मी त्याच्याकडून ती पानं पाठ करून घेतली, जागेवरून, खुणेवरून, तुमच्या फळ्यांसारखी. डॉक्टर घाईत होते. त्यांनी तीन पानं उलटली आणि सही केली. तो नाचत घरी आला आणि मीच गोड पायसम केलं.

तिकडून तो रोज फोन करायचा. सुट्टीत आला की जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्यावर काढलेलं विमान मांडायचा, सगळी बटणं, सगळे काटे, आणि डोळे मिटून एकेक नाव मोठ्यानं म्हणत बोट बरोबर तिथेच ठेवायचा. शिक्षकांनी म्हणे सगळ्या वर्गासमोर शाबासकी दिली. मी बघत बसायची. मला तुमचा हात दिसायचा, मागे न बघता फळीवर जाणारा. पहिल्यांदा तो एकटा उडून उतरला तेव्हा मित्रांनी रीतीप्रमाणे त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं. तो व्हिडिओ माझ्याकडे आहे. ओलाचिंब, हसतोय, ओरडतोय, “अम्मा, मी एकटाच होतो वर!”

त्याच संध्याकाळी फोनवर त्यानं मला उतरण्याची युक्ती सांगितली. धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन तांबडे दिसले की उंची बरोबर. चारही तांबडे म्हणजे तू फार खाली आलास. मी विचारलं, “ते तुला दिसतात ना नीट?” तो म्हणाला, “दिसतात की. पांढरा तो उजळ, तांबडा तो मंद.” उजळ आणि मंद. तुम्हीही मला एकदा असंच सांगितलं होतंत, तांबडं म्हणजे जरा मंद हिरवं. धुकं असलं तर? काच मळकी असली तर? मी म्हटलं, “जपून रे,” आणि फोन ठेवला. त्यानंतर दीड वर्ष तो रोज वर जायचा आणि तो खाली आल्याचा फोन येईपर्यंत मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. एवढं होऊनही मी बोलले नाही.

परवान्याआधीची मोठी तपासणी बंगळूरला झाली. तिथे पुस्तक नव्हतं. अंधारी खोली, लांबवर एक दिवा, आणि एकेक रंग ओळखायचा. पाठ करण्यासारखं काही नव्हतं.

काल संध्याकाळी तो उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. दाढी वाढलेली. म्हणाला, “डॉक्टर विचारत होते, आईच्या घरात कुणाला होतं का. ताताला होतं काय अम्मा?” मी भात वाढत होते. म्हटलं, “तुझ्या ताताला? अय्यो, ते तर लुगड्यांच्या दुकानात होते रे. रंगांचंच तर काम त्यांचं.” त्यानं मान हलवली. “मग मजच कसं आलं?” असं म्हणून तो ताट घेऊन आत गेला. आज ताट परत आलं तेव्हा भात तसाच होता.

मघाशी तो पाणी प्यायला बाहेर आला. मी इथे टेबलावर लिहीत होते, ज्यावर त्याचा पुठ्ठा असायचा. तो माझ्या खांद्यामागे उभा राहिला, बराच वेळ. मी कागद झाकला नाही. “काय लिहितेस?” म्हणाला. मी म्हटलं, “शाळेचं.” तो ओळींकडे बघत राहिला आणि मग आत निघून गेला.

त्याला आपली मराठी बोलता येते, अप्पा, पण ही अक्षरं मी त्याला शिकवली नाहीत. त्याच्या बापालाही येत नाहीत. तमिळमध्ये लिहायला घेतलं होतं; पहिलीच ओळ फाडून टाकली, कारण ती त्याला वाचता आली असती.