न घेतलेला प्याला

२८ जानेवारी, बुध.
हे पाचला घरी. शुद्धीत. सप्टेंबरपासून दारूचा एक थेंब नाही. भरवेलीच्या खाणीतून सुटलं की मोहाच्या दारूचा अड्डा वाटेतच, जुने सोबती हाका मारतात. म्हणून गाडीला किक मारली की घर येईपर्यंत हेल्मेटात मोठमोठ्यानं प्रार्थना. घसा पार बसलाय. सोबती म्हणतात, पगला गया. मला तो बसलेला आवाज फार गोड लागतो.

१ फेब्रु., रवि.
चर्चमध्ये प्रभुभोजन, महिन्याच्या पहिल्या रविवारचं. मी बायकांच्या बाजूला, हे पुरुषांच्या. यांनी भाकर घेतली. द्राक्षरसाच्या प्याल्यांचा ट्रे आला तो मात्र तसाच पुढे सरकवला. आमच्या मंडळीत प्याला सोडला म्हणजे एकच अर्थ, मनात पाप आहे. मागच्या बाकावरून लगेच, "फिर चालू हो गया क्या इसका?"
मान वर करवेना. घरी आल्यावरही विचारलं नाही. हिंमतच...

२ फेब्रु., सोम.
हे अंघोळीला गेले तशी गाडीची डिक्की उघडली. टिफिनची पिशवी हुंगली, शर्ट हुंगला. काही नाही. वळले तर हे दारात उभे. रागावले असते तर बरं झालं असतं.
म्हणाले, "रस आंबला होता. तुमाले कोणाले समजलं नाही, मले नाकाजवळ येताच समजलं. एक घोट घेतला असता तर संध्याकाळी अड्ड्यावर असतो मी."
मंडळीतल्या सुशीलाकाकू प्रभुभोजनासाठी दर वेळी घरी मनुका भिजवून रस करतात. या वेळी चुलीजवळ जास्त दिवस राहिला असणार. म्हटलं, आत्ताच जाऊन पास्टरांना सांगते.
"नको. तेवढंच एक काम उरलं आहे बुढीजवळ. लोकायले म्हणू दे काय म्हणायचं ते."
पाच महिने हा माणूस लढतोय आणि मी त्याचे शर्ट हुंगते. लाज वाटली. अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

११ फेब्रु., बुध.
प्रार्थनेची घरसभा आमच्याकडे. चारच जण आले, चहा उरला. काकू आल्या होत्या. यांच्या डोक्यावर हात ठेवून रडत रडत प्रार्थना केली, लेकराला दारूच्या पापातून सोडव. मी दात आवळून बसले. हे "आमेन" म्हणाले, अगदी मनापासून.
सगळे गेल्यावर म्हटलं, तुम्ही गप्प कसे बसलात?
"प्रार्थना तर लागतेच ना मले. कोणाचीबी."
माझी प्रार्थना म्हणजे देवाकडे तक्रार. हे मागतात ते फक्त आजच्या दिवसापुरतं, आणि तेवढं मिळालं की खूष. इतकी वर्षं चर्चला जातेय, हे मला जमलं नाही.

२८ फेब्रु., शनि.
उद्या प्रभुभोजन. दुपारी काकूंकडे डोकावले. रस तयार. झाकण काढून वास घेतला, मला काहीच कळलं नाही. यांना विचारलं, उद्या घ्याल का? म्हणाले, वास आला तर नाही.
दृढीकरण होऊन प्रभुभोजन घेऊ लागले तेव्हापासून मी एकदाही प्याला सोडलेला नाही. ट्रे आधी पुरुषांकडून फिरतो, मग आमच्याकडे येतो. यांनी सरकवला तर मीही सरकवणार. मग मंडळी दोघांबद्दल बोलू दे.
यांना सांगितलं नाही. नको म्हणतील. प्रभू, उद्या ट्रे सरकवताना मला मागच्या बाकाकडे बघू देऊ नकोस.