मेणबत्तीवाला तुकडा

४ नोव्हेंबर

विनताबाई येत नाही म्हणे! माझ्या नातीचं, समृद्धीचं लग्न, म्हणजे हिच्याच सख्ख्या भावाची नात — अन् ही नणंद नागपुरात तोंड फुगवून बसली. माझ्या पोरानं, धम्मदीपनं फोन केला तर त्याला म्हणते, "तुझ्या लग्नात तुझ्या आईनं मला मेणबत्ती लावू दिली नाही. आता काहून बोलावता?" खोटं! बुद्धवंदनेच्या आधी मीच तिचा हात धरून बुद्धाच्या फोटोपुढं नेलं. शूटिंगच्या डिस्क आहेत कपाटात. दाखवतेच तिला.

५ नोव्हेंबर

दाखवते कुठून! डिस्कचा प्लेअर कधीच भंगारात गेला. धम्मदीपच्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही. एवढं महागाचं यंत्र अन् त्याला तोंड नाही! मदन महल स्टेशनजवळ शालिग्रामचं दुकान आहे, तो डिस्कची फाइल करून देतो. "परसों ले जाना, अम्मा जी."

८ नोव्हेंबर

परसों म्हणजे कधी, ते या गावात कोणाला ठाऊक नाही.

९ नोव्हेंबर

मिळाली. सूनबाईनं, भावनानं लावली. पहिलंच चित्र — हार घालून राहिले! वंदना गायब, मेणबत्ती गायब. तशीच चप्पल घालून दुकानात गेली. शालिग्राम हसून म्हणतो, "शुरू का पूजा-वाला हिस्सा हटा दिया, अम्मा. सब यही बोलते हैं, बोर होता है. फाइल भी हल्की हो गई."

ज्यासाठी आणली तेच कापलं! मी म्हटलं, "भैया, तुम्हारी शादी में से दुल्हन काट दूँ? वो भी हल्की हो जाएगी."

पुन्हा करून देतो म्हणाला.

१३ नोव्हेंबर

आता वंदना आहे, माणसं नाहीत. मोबाईलवर जावी म्हणून फाइल एवढी दाबली की सगळ्यांच्या तोंडावर चौकोन. आमचे हे तर फक्त ढेरीवरून ओळखू आले.

भावना म्हणते, "मोठी केली तर व्हॉट्सॲपवर जाणार नाही, आई." लहान केली तर दिसत नाही, मोठी केली तर जात नाही. मग केली कशाला!

"सोडून द्या ना आई."

काहून सोडू? लग्न तोंडावर आलं. भावाच्या घरात आत्याची जागा रिकामी दिसली की लोक मलाच बोलतील.

१४ नोव्हेंबर

स्वतः गेली. शालिग्रामच्या शेजारी स्टूल ओढून बसली. "पूरी शादी नहीं चाहिए. बस मोमबत्ती वाला टुकड़ा दो. और दबाना मत."

"पहले बोलतीं ना, अम्मा!"

पहले तुनं विचारलं का रे?

१६ नोव्हेंबर

दिसली! विनताबाई, तिचा हात, माझा हात, ज्योत. नाक-डोळे सगळं साफ. भावनाला ग्रुपवर टाकायला लावली. खाली लिहायला सांगितलं — बघ.

"आई, 'बघा' तरी लिहू?"

नाही. बघ.

१७ नोव्हेंबर

साऱ्या खानदानानं अंगठे पाठवले. तिचं काही नाही. आता काय बोलेल!

१८ नोव्हेंबर

नागपूरहून तिच्या सुनेचा, शैलजाचा फोन. "मामी, आईंना दिसत नाही आता. शुगरनं डोळे गेले. कोणाला सांगू देत नाहीत."

मग विनताबाईनंच फोन ओढून घेतला.

"वहिनी, सगळे पाहून राहिले म्हणे. मी आहे त्यात?"

आहेस, म्हटलं.

"साडी कोणती घातली मी?"

सांगितली. काठासकट.