नगाऱ्यात बसलेली सुवावाली

प्रिय मामेभाऊ सकिउसा,

सुवा बंदरात क्रेन हलवणारे आणि आमच्या मामाचे सगळ्यांत कमी देखणे चिरंजीव, यांना अपिसाईचा मनापासून नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना पापे आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार (गेल्या खेपेला तुझ्यापेक्षा तोच जास्त बोलत होता). इकडे कादावू बेटावर आम्ही खुशाल आहोत. माझ्या बायकोचा, लोसालिनीचा खोकला गेला, माझं पोट वाढलं आणि वादळापासून दुकानाचं छप्पर तिसऱ्यांदा ठोकलं. या वेळी ते ऐकेल असं दिसतं.

पत्राचं कारण एकच, आभार. वादळाने गावातली एकूण एक कोंबडी समुद्रात नेली, तेव्हा तू फेरीबोटीने एक कोंबडा आणि एक कोंबडी पाठवलीस, हे गाव विसरलेलं नाही. कोंबडीला सगळे सुवावाली म्हणतात. कोंबड्याचं नाव लोकांनी सकिउसा ठेवलं. (मी विरोध केला. पण तो भल्या पहाटे उठून काडीचं काम न करता नुसता ओरडायचा, तेव्हा माझा विरोध टिकला नाही.) सुवावाली खुडूक झाली की तिला अंड्यांवर बसवीन आणि लेकुरवाळ्या घरांना पहिली पिल्लं देईन, असं मी यांगोना पिण्याच्या बैठकीत, परातीसमोर, चारचौघांत बोलून बसलो. वर्षभर अंड्याचं तोंड न पाहिलेली पोरं तेव्हापासून माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून तिच्याकडे बघायची, बोटीची वाट बघावी तशी.

मी रॉकेल बाटलीबाटलीने विकून वर आलेला माणूस. काम करायचं तर दणक्यात. तिच्यासाठी नव्या पत्र्याचं खुराडं बांधलं, निळा रंग दिला, दुकानातलं चांगल्यातलं कुलूप लावलं. दुपारी आत पाव ठेवला तर भाजून निघावा. सुवावालीने मान तिरकी करून ते सगळं पाहिलं आणि ती निघून गेली. सापडली ती थेट चर्चबाहेरच्या नगाऱ्यात. तोच, होडीसारखा पोखरलेला जुना ओंडका. आत पालापाचोळा ओढून, पिसं फुलवून, अंड्यांच्या ढिगावर बसली होती आणि जवळ जाईल त्याच्यावर गुरगुरत होती.

नगारा वाजवायचा मान एपारामाच्या घराण्याचा. म्हातारा दांडकी घेऊन आला, वाकून पाहिलं आणि पाळक किटिओने यांना जाऊन सांगितलं, "माझ्या नगाऱ्यात अपिसाईची बाई बसली आहे." (ही बातमी लोसालिनीपर्यंत पोचेस्तोवर त्यातून कोंबडी गळाली होती. ती संध्याकाळ मी इथे लिहीत नाही.) नगारा वाजवला तर अंडी हादरून आतली पिल्लं मरणार, हे पोरांनाही कळत होतं. आता उपासनेला लोकांना बोलवायचं कसं? पाळकसाहेब म्हणाले, शंख फुंकू. रविवारी फुंकला. पण आपल्या गावात शंख फुंकला म्हणजे होडीला मासळीचं घबाड गवसलं, हे पाळकसाहेब बाहेरगावचे असल्याने त्यांना कोण सांगणार? सगळं गाव सुऱ्या, टोपल्या, पातेली घेऊन किनाऱ्यावर. चर्चमध्ये पाळकसाहेब एकटे. शेवटी त्यांनी सगळ्यांना टोपल्यांसकट आत आणलं आणि येशूच्या पाच भाकरी नि दोन माशांवर प्रवचन दिलं. दुकानाच्या फळीआडून मी ऐकलं, म्हाताऱ्या म्हणत होत्या, "दोन तर दोन, दाखवायचे तरी होते."

एवढ्यावर भागलं असतं. पण वार्षिक मेळाव्याला मोठे पाळक येणार असल्याचा निरोप आला. ते किनाऱ्याला लागताना नगारा वाजला नाही तर गावाचं नाक कापलं जाणार. पिल्लं फुटायची वेळ आणि त्यांची बोट एकाच सुमाराला. बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, मी तिला अलगद उचलून खुराड्यात नेतो. कुणीतरी मागून म्हणालं, "आणि अंडी भाजून आणतो."

दिवे लागायच्या वेळी मी नगाऱ्यात खांद्यापर्यंत हात घातला. ओंडक्याची कड आतून वळलेली, माझं कोपर पोसलेलं, तिची चोच मोकळी. हात आत जातो, बाहेर येत नाही. असा मी गुडघ्यांवर, गाल नगाऱ्याला टेकून बसलेला, तोच एपारामा दांडकी घेऊन आला. म्हणाला, "वाजवू का आता?" मग खोबरेल आणून त्याने माझा हात सोडवला. तिला हलवायचा विषय पुन्हा काढलास तर खरंच वाजवीन, असंही बजावलं. त्या दिवसापासून तो मांजरं हाकलत नगाऱ्याशेजारीच बसून राहिला. आधी म्हणायचा, माझा नगारा अडला. मग म्हणायला लागला, आमची बसली आहे.

मोठ्या पाळकांची बोट दिसली तेव्हा अंड्यांना तडे गेले होते, पण पिल्लं बाहेर नव्हती. सगळं गाव पांढरे कपडे घालून उभं. एपारामाने दांडकी उचलली. आणि आतून आवाज आला, चिक. एकच. म्हाताऱ्याने दांडकी खाली ठेवली. बोट मुकाट किनाऱ्याला लागली. मोठे पाळक चालत वर आले आणि जरा कडक आवाजात विचारलं, नगारा का नाही वाजला? एपारामा म्हणाला, "साहेब, आत उपासना चालू आहे."

मोठे पाळक वाकले, कान लावला. मग त्यांनी टोपी काढली.

नऊ पिल्लं निघाली. नऊ घरांत गेली तेव्हा एका पोरीने आपल्या पिल्लाला दुकानात आणून माझ्या गल्ल्यावर उभं केलं, मला दाखवायला म्हणून. आता त्यांना पिसं फुटली आहेत. हे सगळं तुझ्यामुळे. तुझी थट्टा करणं हा आते-मामेभावाचा धर्म म्हणून मी करतो, पण जेवणाआधी आमच्या घरात तुझं नाव घेतलं जातं.

तुझा,
अपिसाई

ता. क. : कोंबड्याचं पुढे काय झालं ते वर लिहिलं नाही, कारण ओघात बसलं नाही. मोठ्या पाळकांसारखा पाहुणा, त्याच्यापुढे नुसते अळूचे कंद कसे ठेवणार? पिल्लांना तर हात लावायची सोय नव्हती. त्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला. सकिउसा चवीला उत्तम होता, पण अंमळ चिवट, असं म्हणाले.

ता. क. दुसरा : तेव्हा एक कोंबडा पाठव. मामेभावाने नाही म्हणायचं नसतं. पिल्लांतल्या एका नराने परवा आरवायचा प्रयत्न केला, दार करकरल्यासारखं वाटलं.

ता. क. तिसरा : कोंबडा दिसायला कसाही चालेल, आवाज मात्र मोठा हवा आणि रविवारी उपासनेच्या वेळेवर हवा. सुवावाली कालपासून पुन्हा नगाऱ्यात अंडी घालते आहे. एपारामाने दांडकी माळ्यावर टाकली आहेत, आणि शंखाचं नाव काढलं की पाळकसाहेब उठून जातात.