ओवाळणीची पाणीपट्टी

बोरपाडा,
१२ नोव्हेंबर

चि. सुदामास राहीताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. आमी बरे आहोत. फोनवर बोलले तर रडूच येईल, म्हणून लिहिते. तुझ्या धरणाचं पाणी मुंबईला जातं नि आमचे नळ कोरडे. त्यावर वरच्या सरकारनं पाणीपट्टी वाढवली. म्हणून सगळ्या बायांनी गावदेवीपुढं तांदूळ उचलून शपथ घेतली, पाणी येईस्तो पट्टी भरायची नाय. काल ग्रामसेवक भोंग्यावरून बोलला, राहीबाईंनी पट्टी भरली, बाकीच्यांनी शिकावं. मी कुठं रे भरली? आमच्या म्होरक्या सकुबाईनं तोंडच फिरवलं. तुला काय ठाऊक आहे का?

तुझी ताई, राही

भातसानगर,
१५ नोव्हेंबर

ती. राहीताईस सुदामचा शि. सा. नमस्कार.

ताई, मीच भरली गो. भाऊबीजेला तू साडी नको म्हणालीस. तुझ्या दिपिकाचं लग्न तोंडावर आलंय, वसुलीवाले दारात नकोत, म्हणून ओवाळणी समजून मोबाइलवरून भरून टाकली. शपथेचं मला कोणी सांगितलंच नाही. मी धरणावर नोकरीला, म्हणून लपवलंत ना? रविवारी येतो, सकुबाईच्या पाया पडतो.

तुझाच, सुदाम

बोरपाडा,
२ फेब्रुवारी

चि. सुदामास आशीर्वाद.

तू सकुबाईच्या पाया पडलास तेव्हा वाटलं, मिटलं. पण तुझ्या त्या भरण्याचा दाखला देत ग्रामसेवक घरोघर फिरला. पोरीबाळींची घरं घाबरली, त्यांनीही भरली. शपथ फुटली रे. काल सकुबाई म्हणाली, "हळदीला आमी येऊ, पण मामा मांडवात नको." मी भांडले, रडले. पण हळद दळायला, गाणी म्हणायला गाव नसेल तर पोरीचं लग्न कसं लागायचं? सुदाम, तू येऊ नको. हे लिहिताना माझा जीव तुटतोय.

अभागी ताई, राही

भातसानगर,
१९ फेब्रुवारी

ती. राहीताईस सा. न.

तू सांगितलंस, म्हणून नाही आलो. दिपिकाच्या मागं कोण उभं राहिलं, ते मला कळवू नकोस. वऱ्हाड आमच्या कॉलनीवरूनच जाणार होतं, म्हणून दुपारपासून नाक्यावर उभा होतो. नवरीची गाडी आली. दिपिकानं मला पाहिलं, काच खाली केली, ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली. गाडी हळू झाली. पण मागच्या जीपमध्ये सकुबाई नि गावच्या बाया होत्या. मीच हातानं पुढं जा म्हटलं.

आशीर्वाद द्यायचा राहिला गो. ती माहेरपणाला आली की माझ्या वतीनं तिच्या डोक्यावर हात ठेव.

माया आटू देऊ नकोस.
सुदाम