रेघेपलीकडची शेगडी

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा! शिखरावर बिनतारीचा मनोरा, त्याखाली एक खोली आणि खोलीत अस्मादिक. दोन प्रांतांची हद्द नेमकी या खोलीतून जाते, म्हणून फरशीवर पांढरी रेघ मारलीय. भाऊबंदकी इतक्या उंचावरही चढून आली म्हणायची. यंत्रं आणि खाट अलीकडे, आपल्यात. शेगडी पलीकडे, त्यांच्यात. जुन्या ऑपरेटरने सामान बांधता बांधता बजावलं, की लाकडं टाकायची आणि लगेच अलीकडे यायचं, तिकडे रेंगाळायचं नाही. त्यांचा माणूस कुठे असतो विचारलं, तर म्हणाला, असतो. मला तर कुणी दिसलं नाही. संध्याकाळी बिनतारीवर बायकोशी बोललो. चिमी मध्येच ओरडली, की बाबा, येताना ढग आण. लेक कसली, मुकादमच आहे.

९ नोव्हेंबर

थंडीने दातखिळी बसली. नियम गेला खड्ड्यात! खाट ओढून शेगडीशी नेली. डोकं आपल्या प्रांतात, पाय त्यांच्या. मस्त झोप लागली.

१२ नोव्हेंबर

पायांना मुंग्या येत होत्या, त्या थांबल्या. आता काहीच नाही. पावलावर निखारा पडला, ते कातडी जळल्याचा वास आल्यावर कळलं. खाट आपोआप आणखी पलीकडे सरकलीय. रेघ कमरेखाली आलीय. भीती वाटली. कमरेच्या वर तरी वाटली.

१५ नोव्हेंबर

अलीकडे यायला उठलो. पाय वळले नाहीत. शेगडीकडेच चालत गेले. मी वरून नुसता बघत राहिलो.

१८ नोव्हेंबर

बायको बिनतारीवर रडली. म्हणाली, तुमचा आवाज परका वाटतो, आम्ही दोघी येतो वर. वाईट वाटायला हवं होतं. छातीत शोधलं, सापडलं नाही. येऊ नका म्हणणार होतो. तोंडातून निघालं, या, इथे ऊब आहे. आवाज माझाच. पण बोललं ते —

२२ नोव्हेंबर

रेघ मनगटावर. लिहितोय तेवढाच हात अलीकडे.

पायवाटेवर दोघी दिसतायत. कडी घालायला हवी — दार लांब —

आल्या. बायको उंबऱ्यातच थबकली. चिमी धावत थेट माझ्या मांडीवर. म्हणते, बाबा, किती गार झालास. म्हणते, पायांना मुंग्या येतायत.

हा हात अजून माझा आहे. पेन टाकून तिला अलीकडे ढकलता येईल. ढकलायलाच हवं. पण कशासाठी, ते —